पेच पडला, खेळी कुणाची?

४ फेब्रुवारी २०२१ रोजी साकोलीचे आमदार नाना पटोले यांनी महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. प्रदेश काँग्रेसची धुरा हाती घ्यायची होती, म्हणून. बातमी पक्षीय राजकारणाची होती आणि तशीच ती छापली गेली. पण त्या राजीनाम्याने जी खुर्ची रिकामी झाली ती जवळपास सतरा महिने रिकामीच राहिली. त्या काळात विधानसभेने खुर्ची भरण्याचा नियमच बदलला. राज्यपालांनी बदललेल्या नियमावर बोट ठेवले, सरकार फुटले आणि शेवटी ज्यांनी त्या बदलाला विरोध केला होता त्यांनीच त्याच नियमाने खुर्ची भरली. मधल्या एका आठवड्यात तर असा पेच पडला, की अध्यक्षस्थानी बसलेला माणूस आमदारांना अपात्र ठरवू शकत नव्हता, कारण तेच आमदार त्याला पदावरून काढायला निघाले होते. आणि त्यांना काढू देणेही कठीण, कारण ते आमदार राहणार की नाही हेच ठरायचे होते.

असा पेच मुद्दाम पाडून जिंकायचा खेळ अस्तित्वात आहे. त्याचे नाव नॉमिक. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे पीटर सुबर यांनी तो रचला आणि डग्लस हॉफस्टॅटर यांनी जून १९८२ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून तो जगापुढे आणला. या खेळात प्रत्येक खेळाडूची खेळी म्हणजे नियम बदलण्याचा एक प्रस्ताव. बाकीचे त्यावर मत देतात, प्रस्ताव मंजूर झाला की पुढचा डाव बदललेल्या नियमाने. फासा टाकून गुण मिळतात, शंभर गुण झाले की जिंकले. पण ते केवळ सुरुवातीला, कारण जिंकण्याचा नियमही बदलता येतो. आरंभीचे नियम २९. त्यांतले १६ ‘अचल’, १३ ‘चल’. अचल नियम थेट बदलता येत नाही. आधी एकमताने त्याला चल करावे लागते, मग बदलायचा.

सुबर यांनी खेळाडूंची लबाडी आधीच ओळखली होती. दोन नियम एकमेकांविरुद्ध गेले तर कमी क्रमांकाचा नियम चालेल, अचल नियम चल नियमावर मात करेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली. एखादा नियम स्वतःच ‘मी अमक्या नियमापुढे नमते घेतो’ असे म्हणत असेल तर तेही मान्य. पण दोन्ही नियम लखनवी नवाबांसारखे ‘पहले आप’ करत बसले तर? त्याचेही उत्तर लिहिलेले आहे: मग पुन्हा क्रमांक पाहायचा. म्हणजे साध्या विसंगतीने खेळ अडत नाही. अडवायचा असेल तर अशी गाठ घालावी लागते, जी क्रमांकाने सुटत नाही.

आणि ती घालणाऱ्याला बक्षीस आहे. शेवटचा, म्हणजे २१३ क्रमांकाचा नियम सांगतो की पुढे खेळणे अशक्य झाले, किंवा एखादी खेळी तितकीच वैध आणि तितकीच अवैध ठरत असली, तर आपली खेळी पूर्ण करता न येणारा पहिला खेळाडू विजयी. हरण्याची गोष्ट जिंकण्याची झाली! त्यामुळे मुरलेले खेळाडू एका झटक्यात विरोधाभास मांडत नाहीत. तसा प्रस्ताव कुणी मंजूरच करणार नाही. ते निरुपद्रवी दिसणारा नियम आज मंजूर करून घेतात, दुसरा चार फेऱ्यांनी आणि दोघांची सांगड तिसऱ्याच दिवशी, आपल्या खेळीच्या वेळी घालतात. १९९३ पासून चालू असलेल्या ‘अगोरा’ नावाच्या डावात तर अशा विरोधाभासाने मिळवलेल्या विजयांची परंपराच आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राला ही जात जुनीच माहीत होती. एखादी गोष्ट सिद्ध करायला तीच गोष्ट गृहीत धरावी लागली तर आत्माश्रय, दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय, तीन किंवा अधिक गोष्टींचे वर्तुळ झाले तर चक्रक आणि शेवटच सापडत नसेल तर अनवस्था. नैयायिकांच्या लेखी हे चारही दोष. ते दाखवले की प्रतिपक्षाचा युक्तिवाद पडला. नॉमिकमध्ये आणि कायद्यात मात्र दोष दाखवल्याने काही पडत नाही. तिथे प्रश्न वेगळा असतो: दोष निस्तरेपर्यंत काय चालू राहते आणि काय थांबते?

सुबर यांनी हा खेळ करमणुकीसाठी रचलेला नव्हता. त्यांच्या ‘द पॅरॅडॉक्स ऑफ सेल्फ-अमेंडमेंट’ या पुस्तकाचे (१९९०) ते एक परिशिष्ट आहे आणि पुस्तकाच्या मुळाशी डॅनिश विधिज्ञ आल्फ रॉस यांनी १९६९ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात घातलेले कोडे आहे. डेन्मार्कच्या राज्यघटनेचे ८८ वे कलम घटनादुरुस्ती कशी करायची ते सांगते. मग त्याच कलमाने तेच कलम बदलता येईल का? रॉस म्हणाले, तर्काने नाही. कारण नवा नियम जुन्याच्या अधिकारावर उभा राहतो आणि उभा राहताच जुन्याला खोटे ठरवतो. निष्कर्ष गृहीतकाला खातो. सुबर यांचे म्हणणे असे की तर्काने चालत नसले तरी व्यवहारात चालते, कारण लोक आणि न्यायालये ते चालवून घेतात. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांना मात्र असे चालवून घेणे जमणारे नव्हते. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीला ते आइनस्टाइन आणि मॉर्गेनस्टर्न या दोन साक्षीदारांसह गेले आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतून कायदेशीर मार्गाने हुकूमशाही कशी येऊ शकते ते आपल्याला सापडले आहे, असे न्यायाधीशांनाच सांगू लागले. न्यायाधीशांनी विषय बदलला.

भारतात हे कोडे कागदावर राहिले नाही. आपल्या घटनेचे ३६८ वे कलम डॅनिश कलमापेक्षा शहाणे आहे. ते स्वतःवर पहारा ठेवते. ज्या मोजक्या तरतुदी बदलायला संसदेच्या विशेष बहुमताबरोबर निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते, त्यांच्या यादीत ३६८ वे कलमही आहे. तरीही पहिली घटनादुरुस्ती होण्यापूर्वीच या कलमात फेरफार झाला होता. कलम दोन सभागृहांची भाषा बोलत होते आणि १९५१ मध्ये देशाला एकच हंगामी संसद होती. म्हणून राष्ट्रपतींच्या ‘अडचणी दूर करण्याच्या’ आदेशाने कलमाचे शब्द तेवढ्यापुरते जुळवून घेतले. शंकरीप्रसाद खटल्यात त्यावर आक्षेप आला, सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खेळ सुरू व्हायच्या आधीच नियम बदलण्याचा नियम बदलला गेला, हे फारसे कुणी लक्षात ठेवलेले नाही.

पुढचा इतिहास परिचित आहे, म्हणून धावता. गोलकनाथ खटल्यात १९६७ साली सहा विरुद्ध पाच मतांनी संसदेला मूलभूत हक्क आक्रसण्यास मनाई झाली. संसदेने १९७१ मध्ये २४ वी दुरुस्ती करून ३६८ व्या कलमानेच ३६८ व्या कलमाची ताकद वाढवली. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी घटनेची ‘मूलभूत चौकट’ संसदेच्या हातापलीकडे ठेवण्यात आली. आणीबाणीतल्या ४२ व्या दुरुस्तीने त्यावर कुरघोडी केली: दुरुस्तीच्या अधिकाराला कुठलीही मर्यादा नाही आणि कुठल्याही न्यायालयात त्यावर प्रश्न नाही, असे ३६८ व्या कलमातच लिहून टाकले. रॉस यांचे कोडे शब्दशः समोर आले.

ते सोडवले पुण्याच्या यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी आणि गंमत अशी की १९७३ मध्ये ते हरलेल्या सहांत होते. तेव्हा त्यांचे मत संसदेच्या बाजूने पडले होते. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश म्हणून बहुमताचा निकाल लिहिताना त्यांनी केशवानंदची चौकट तर मान्य केलीच, पण एक पाऊल पुढे गेले. मर्यादित अधिकार ज्याला मिळाला, त्याने तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करून घेता येणार नाही. अधिकाराचे मर्यादित असणे हेच मूलभूत चौकटीचा भाग आहे. आत्माश्रयाची गाठ अशी कापता येते हे दाखवणारा हा बहुधा भारतीय कायद्यातला सर्वांत स्वच्छ युक्तिवाद असावा. मात्र तो युक्तिवाद यायला १९७६ ते १९८० ही चार वर्षे लागली आणि तोवर ते कलम पुस्तकात होते.

नियम रचणाऱ्यालाच त्या नियमांच्या फटीतून जाण्याचा मोह दाखवला गेला, असा एक प्रसंग भंडाऱ्यातला आहे. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला उभे होते. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्यीय असत: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. यात उघड फट होती. समर्थकाने एक मत आपल्या उमेदवाराला दिले आणि दुसरे कुणालाच दिले नाही, तर प्रतिस्पर्ध्याच्या पारड्यात आपल्याच हाताने भर पडत नाही. दुसरे मत ‘जाळण्याची’ ही सूचना कार्यकर्त्यांनी केली आणि बाबासाहेबांनी ती मानली नाही, असे त्या प्रचारात असलेल्यांच्या आठवणींत सांगितले जाते. निकाल सर्वज्ञात आहे. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता.

या द्विसदस्यीय नियमातला खरा पेच तीन वर्षांनी आंध्रात उघडा पडला. १९५७ च्या निवडणुकीत पार्वतीपुरम मतदारसंघात पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी उभे होते. राखीव जागेच्या दोन उमेदवारांना त्यांच्यापेक्षा जास्त मते पडली. नियमानुसार त्यांतल्या पहिल्याला राखीव जागा मिळाली आणि उरलेल्या सगळ्यांत ज्याला सर्वाधिक मते, म्हणजे दुसऱ्या आदिवासी उमेदवारालाच, सर्वसाधारण जागा. गिरी न्यायालयात गेले आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. न्यायालयाने नियम लिहिल्याप्रमाणे वाचला, त्यात चूक काहीच नव्हती. १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द करण्याचा कायदा केला. भंडाऱ्यातल्या फटीने मतदारांपैकी कुणाचे काही बिघडले नाही. आंध्रातल्या फटीत मोठा नेता अडकला, तेव्हाच ती बुजली.

आता पुन्हा २०२१ कडे. पटोले १ डिसेंबर २०१९ रोजी बिनविरोध अध्यक्ष झाले होते, त्यामुळे अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने होते या नियमाची परीक्षा झालीच नव्हती. त्यांच्या राजीनाम्यानंतर ती होणार होती आणि उद्धव ठाकरे यांच्या सत्ताधारी महाविकास आघाडीला आपल्याच आमदारांच्या गुप्त मताची खात्री नव्हती. डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात विधानसभेने आपल्या नियमावलीतला सहावा आणि सातवा नियम बदलला: गुप्त मतदानाऐवजी खुले. अधिकार निर्विवाद होता, कारण घटनेचे २०८ वे कलम सभागृहाला आपले कामकाजाचे नियम करू देते. विरोधकांनी बदलाच्या घाईवर आणि हरकतींसाठी दिलेल्या मुदतीवर आक्षेप घेतला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बदल घटनाबाह्य वाटतो असे कळवून निवडणुकीची तारीख दिली नाही. भाजप आमदार गिरीश महाजन यांची त्या बदलाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये फेटाळली. तरी तारीख आली नाही. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत राहिले.

२१ जून २०२२ पासून खरी खेळी सुरू झाली. एकनाथ शिंदे यांच्यासह आघाडीतल्या शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला गेले. शिवसेनेने त्यांच्यातल्या १६ जणांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका दाखल केल्या. त्या ऐकायच्या कुणी? पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची सांगते, अध्यक्षाने. अध्यक्ष नसेल तर उपाध्यक्षाने. पण बंडखोरांनी झिरवाळ यांनाच पदावरून दूर करण्याची सूचना पाठवली होती. आणि २०१६ च्या नबाम रेबिया निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अरुणाचल प्रदेशाच्या संदर्भात सांगितले होते, की स्वतःला हटवण्याची सूचना प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निर्णय देऊ नये. त्यामागचा तर्क वाईट नव्हता. १७९ व्या कलमानुसार अध्यक्षाला ‘त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या’ बहुमताने हटवता येते. त्याने आधी सदस्यच कमी केले, तर तो स्वतःच्या खटल्याची ज्यूरी निवडतो.

उलट बाजूचा तर्कही तितकाच भक्कम. पक्ष सोडणाऱ्याने आधी चौदा दिवसांच्या सूचनेचे एक पत्र पाठवावे, की त्याचा न्यायाधीशच गोठला. अन्योन्याश्रयाचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही. झिरवाळ यांनी ती सूचना अनोळखी इमेलवरून आली म्हणून नाकारली. म्हणजे त्यांना काढावे का, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांनीच दिले. २५ जूनला त्यांनी बंडखोरांना नोटिसा काढल्या, उत्तराची मुदत २७ जून सायंकाळी साडेपाच. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली.

सगळा डाव त्या पंधरा दिवसांत आहे. न्यायालयाने कुणाची बाजू घेतली असे म्हणता येत नाही. त्याने प्रश्न तात्पुरता थांबवला, एवढेच. पण थांबला फक्त एक नियम. बहुमत सिद्ध करण्याचा नियम चालूच होता. २८ जूनला राज्यपालांनी ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितले, २९ जूनला न्यायालयाने त्याला स्थगिती नाकारली, त्याच रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. मग इतके महिने न मिळालेली तारीख चार दिवसांत मिळाली आणि ३ जुलैला राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष झाले. मतदान खुले होते, डिसेंबर २०२१ च्या नियमाप्रमाणे. आघाडीने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेला नियम विरोधकांच्या हाती तयार पडला होता. १२ जुलै उजाडला तेव्हा अपात्रतेच्या याचिका ऐकायला नवा न्यायाधीश बसला होता, ज्याच्या निवडीत त्या सोळा जणांचीही मते होती.

नॉमिकमध्ये जो अडतो तो जिंकतो. मुंबईत त्याच्या शेजारची गोष्ट झाली: ज्याने दुसऱ्याला अडवले आणि स्वतःची खेळी मोकळी ठेवली, तो जिंकला. विरोधाभास सोडवण्याची गरज कुणालाच नव्हती. तो पंधरा दिवस टिकला, पुरे झाले. घटनातज्ज्ञांच्या चर्चेत ‘कोण बरोबर’ यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी ‘तोवर काय चालू ठेवायचे’ यावर झाली नाही, हे नवलाचे आहे.

असा पेच अटळ असतो असेही नाही. मे २०२२ मध्ये, या सत्तांतराच्या महिनाभर आधी, भंडारा जिल्हा परिषदेत भाजपच्या फुटीर गटाच्या मदतीने काँग्रेसचा अध्यक्ष झाला. पक्ष तिथेही फुटला, व्हिपचे वाद तिथेही होऊ शकतात. पण स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी राज्याचा वेगळा अनर्हता अधिनियम आहे आणि त्याखाली जिल्हा परिषद सदस्याचा निवाडा जिल्हाधिकारी करतो. तो सदस्यांच्या मताने येत नाही, त्यांच्या मताने जातही नाही. त्याच्यावर दबाव येत नाही असे कुणी म्हणणार नाही. पण न्यायाधीश आणि आरोपी एकमेकांच्या खुर्च्या धरून बसले आहेत, ही अवस्था तिथे येऊच शकत नाही. आमदारांच्या बाबतीत मात्र दहाव्या अनुसूचीचा सातवा परिच्छेद न्यायालयांना पूर्ण बाहेर ठेवत होता. तो १९९२ मध्ये किहोटो होलोहान निकालात गळून पडला. कारण न्यायालयांचे अधिकार कमी करणारी दुरुस्ती असूनही निम्म्या राज्यांची संमती घेतलेली नव्हती. म्हणजे ३६८ व्या कलमाने तिथे आपल्याच अपत्याला पकडले. अध्यक्ष मात्र आपल्या जागी राहिला.

११ मे २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, मिनर्व्हा मिल्सचा निकाल लिहिणाऱ्या यशवंतरावांचे पुत्र, यांच्या अध्यक्षतेखालील पाच जणांच्या पीठाने महाराष्ट्राच्या खटल्याचा निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे होते, नव्या अध्यक्षांनी शिंदे गटाचे भरत गोगावले यांना प्रतोद मानणे बेकायदा होते. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येत नाही. नबाम रेबियाचा प्रश्न सात जणांच्या पीठाकडे पाठवण्यात आला. तोवरची पोकळी भरायला एक हंगामी व्यवस्था सांगितली: आपल्याला हटवण्याची सूचना रीतसर आहे, की केवळ निवाडा टाळण्यासाठी आहे, हे अध्यक्षाने स्वतः तपासावे, रीतसर वाटली तर थांबावे, नसेल वाटत तर पुढे जावे. त्यावर न्यायालयीन फेरतपासणी राहील. वडिलांनी आत्माश्रयाची गाठ कापली होती. मुलाच्या पीठाने अन्योन्याश्रय मिटवताना पुन्हा आत्माश्रयाचाच आधार घेतला, निदान तात्पुरता.

अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत द्यावा, असेही त्या निकालात होते. ती मुदत नंतर न्यायालयालाच तारखा घालून आखावी लागली. नार्वेकरांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. त्यात कुणीही अपात्र ठरले नाही. त्याविरुद्धचे आव्हान सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राने नवी विधानसभा निवडली. साकोलीतून नाना पटोले पुन्हा आमदार झाले, अगदी थोड्या मतांनी.